उतार

नलवडे मास्तरांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली.
हॉलचं नाव भलतंच चकचकीत. आईनं पत्ता वाचला:
तेलाच्या घाण्याच्या पुढं, बोळाच्या तोंडाला.
चष्मा काढून म्हणाली,
"अगं, ही तर आमची चंद्रकला."

बावीस वर्षं ती चंद्रकला टॉकीजच्या
बायकांच्या दारावर होती. हातात बॅटरी,
कडेवर कुणाचं तरी किरकिरं पोर.
पेठेतल्या निम्म्या बायकांना
तिनं अंधारात हाताला धरून बसवलंय.
चेहरे आठवत नाहीत तिला. पावलं आठवतात.
उजेड पायावर मारायचा, तोंडावर न्हाई.
"तोंडावर मारला की बाई रडायची थांबते,
आणि तिकीट कशाचं काढलेलं असतंय तिनं?"

गोरज मुहूर्त होता. रिक्षा मुद्दाम लांबून घ्यायला लावली.
विजयमाला पाडून तिथं पार्किंग केलंय, तासाला वीस रुपये.
दारावरचा पोरगा पावती फाडत होता,
निम्मी त्याच्याकडं, निम्मी गिऱ्हाइकाकडं.
"तेवढं तरी तसंच हाय," आई म्हणाली.

न्यू डायमंड तीन भावांच्या दाव्यात बंद.
ऑपरेटरच्या खोलीच्या चौकोनी भोकातून
पिंपळाची फांदी बाहेर आलीय,
उजेड यायचा त्याच वाटेनं.
दस्तगीरचाचा तिथं असायचे.
जळून उरलेल्या कार्बनच्या कांड्या मला द्यायचे,
वरची तांब्याची साल सोलून
मी मागच्या बोळात टिकरीचे चौकोन आखायची.
काळी रेघ पावसातही लवकर जात नसे.
रिक्षावाल्यानं विचारलं, थांबू का?
आई म्हणाली, चल. मध्यंतरात कोण थांबतंय?

चंद्रकलेत आता एसी आहे, कागदाची फुलं,
सोनेरी कापडाच्या खुर्च्या,
आणि पडद्याच्या जागी नवरा-नवरीचा सोफा.
मास्तरीणबाई पुढं बसा म्हणून ओढायला लागल्या.
आई म्हणाली, "नको, पुढं मान दुखती."
आणि शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसली.

मालकानं फरशी नवी घातली, पण उतार तसाच ठेवलाय.
जेवणाच्या टेबलांना
पुढच्या बाजूनं विटा लावल्यात.
वाढप्याच्या ताटातून एक लिंबू निसटलं
आणि निघालं, नव्या साड्यांच्या काठांखालून,
कुणाच्या कोल्हापुरीला चाटून,
सरळ पुढं.
आई वाकून बघत होती.
"तिसऱ्या रांगंला थांबंल बघ."
थांबलं.

"खळगा हाय तिथं. फरशीखाली जमीन तीच की.
सुट्टे पैसे, बांगड्या, पोरांची वाळं,
रातच्याला झाडताना सगळं तिथंच घावायचं.
एकदा डोरलं सापडलं.
आठ दिवस कनवटीला लावून दारात हुभी होते.
न्हाई आली ती."
मी विचारलं, मग?
तिनं नुसता पदर सारखा केला.

तेवढ्यात दिवे घालवले. नवरीची एन्ट्री.
वरून कुठूनतरी एक पांढरा झोत आला,
थेट तिच्या तोंडावर.
तिचे डोळे भरून आलेले, ते मी पाहिलं,
आणि मग ती कॅमेऱ्याकडं बघून हसली.
"थांबली," आई म्हणाली. हळूच, मला ऐकू येईल एवढंच.

मी नवरीकडं बघत राहिले.
वळले तर शेजारची खुर्ची रिकामी.
अंधारात, बॅटरीशिवाय, माझी बहात्तर वर्षांची आई
त्या उतारावरून खाली गेली होती,
आणि कुणाच्याही पायावर पाय न देता
वर येत होती.

बसली. मुठीतलं लिंबू पदराला पुसलं,
कनवटीला खोचलं.
"अगं, लिंबू कशाला? कोण मागणार आहे?"
"मागितलं तर देऊ की," ती म्हणाली.
"खेळ सुटूस्तवर थांबू."